काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे आणि पुसायचा टॉवेल

"नवीन काळी गाडी, उन्हात उभी केली की बोनेटवर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, मऊ टॉवेल कोणता घेऊ?" हा तुमचा प्रश्न वाचला अन् भाऊ, माझीच गाडी आठवली. तीही काळीच.

टॉवेलचं सांगतो, पण त्याआधी एक. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डावर 'वॉशिंग नको' असं लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं मागे कामाला असलेल्या पोरापर्यंत पोहोचत नाही. इथल्याच एका सर्व्हिस सेंटरात काचेपलीकडून पाहत होतो. पोराने आधी रिम पुसल्या, मग दाराखालचे पट्टे, आणि तेच फडकं बादलीत बुडवून, पिळून सरळ बोनेटवर! बादलीच्या तळाशी रेती बसलेली दिसत होती. मॅनेजरला बोनेट दाखवलं तर म्हणे, "सर, हे तर पहिलेपासूनच होतं, तुमचा वॉचमन पुसत असेल." आमच्या बिल्डिंगला वॉचमनच नाही! वरून रबिंग-पॉलिशचं कोटेशन हातात ठेवलं. रबिंगने ओरखडा भरून येत नसतो, आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून त्याच्या पातळीला आणतात. तो थर बहुतेक गाड्यांवर 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही पातळ. दर सर्व्हिसिंगला घासत बसलं तर उरणार काय?

मी डिटेलिंगवाला, म्हणजे गाड्यांची बारीक सफाई-पॉलिश करणारा, नाही, त्यामुळे पुढचं माझं मत समजा. ओरखडे टॉवेलपेक्षा त्यात अडकलेल्या धुळीने पडतात. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांची खोदाखोद, त्यात नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची राख, आणि राखेत सिलिका. म्हणून कोरडी गाडी झटकायचीही नाही. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या.

मायक्रोफायबरच घ्या, जुना पंचा किंवा बनियन नको. पॉलिएस्टर-पॉलिअमाइडचं 70/30 किंवा 80/20 मिश्रण, पाणी टिपायला 500 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) वरचा. 1200 च्या जाहिरातींना भुलू नका, जाड म्हणजे मऊ असं काही नसतं. चांगला टॉवेल उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या बोटांना जरा अडकतो. धागे बारीक चिरलेले असल्याची ती खूण, घाबरायचं कारण नाही. दगा देते ती कडेची शिवण. तिचा दोरा टणक असतो, म्हणून बिनशिवणीचा मिळाला तर उत्तम. कंपनीचं लेबल पहिल्याच दिवशी काढून टाका. टॉवेल जमिनीवर पडला की तो रिमचा झाला, पुन्हा बोनेटला लावायचा नाही.

धुताना सुती कपड्यांत टाकू नका, नाहीतर त्यांचा तंतू याच्यात जाऊन बसतो. लिक्विड साबण, साधं पाणी, कपडे मऊ करणारं सॉफ्टनर अजिबात नको, त्याने पाणी शोषणं कमी होतं. वाळवायला गच्चीवर टाकाल तर लूसोबत येणारी धूळ पुन्हा टॉवेलातच, घरातच दोरीवर टाका.

आणि हो, आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची आपल्याकडे भारी हौस आहे. क्षार त्याच पाण्यात जास्त असतात. बोअरचं पाणीही जड असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या अन् लगेच टिपून घ्या. घासू नका, टॉवेल नुसता पसरून ओढा. मे महिन्यात हे सगळं सकाळी ऊन चढायच्या आत.