एअर रायफलच्या स्कोपचे टरेट फिरवावेत की अंदाजाने वर धरून मारावं?

फिरवा. टरेट म्हणजे स्कोपवरच्या, बंदुकीच्या दुर्बिणीवरच्या, नेम वरखाली करायच्या खटकेदार चकत्या. तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो, एकदा झिरो केला, म्हणजे ठरलेल्या अंतरावर छर्रा क्रॉसवरच लागेल असा स्कोप जुळवला, की टरेटला हात लावायचा नाही, लांबचं मारायचं तर स्कोपातला क्रॉस वर धरायचा. झिरो कितीवर करावा तेही विचारलंय. तुमचा मित्र आणि आमचा दादा एकाच मुशीतले दिसतात, म्हणून लिहायला बसलो.

दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. मे महिन्यात चाकरमानी देवगडला घरी आले की संध्याकाळी मागच्या परड्यात करवंट्या टांगून आमची नेमबाजी चालते. माझी मोडून भरायची स्प्रिंगवाली, पॉइंट एक सात सात इंच छर्ऱ्याची. झिरो 25 मीटरवर. क्लिक, म्हणजे टरेटचा एक खटका, पाव एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे 25 मीटरवर पावणेदोन मिलिमीटरच्या जरा वर आणि 40 वर तीनच्या जरा खाली. दोन महिने टेप घेऊन, छर्रे फुकट घालवून मी तक्ता केला आणि छर्ऱ्यांच्या डबीच्या झाकणात आतून चिकटवला. 40 ला वर 17 क्लिक. गंमत म्हणजे 10 मीटरलाही वर 16, कारण स्कोप नळीच्या साडेचार सेंटिमीटर वर बसतो आणि छर्रा तिथवर नजरेच्या रेषेला पोचलेलाच नसतो. अंदाजवाल्यांना हे काही केल्या पटत नाही. जवळ म्हटलं की ते हटकून खाली धरतात.

त्या संध्याकाळी 40 मीटरवर, गडग्यापुढे करवंटी टांगली होती. सगळं घर पडवीत. मी सतरा खटके मोजून चढवले आणि मारला. करवंटी जागची हलली नाही. मागच्या चिऱ्यावर तांबडी धूळ उडाली, करवंटीच्या जवळजवळ वीतभर वर. दुसराही तिथेच. तिसराही. तिन्ही छर्रे पेढ्याएवढ्या जागेत, फक्त चुकीच्या पेढ्यावर. दादा उठला, माझ्या हातातून बंदूक घेतली, क्रॉस तेवढाच खाली धरला आणि टक्क! करवंटी गरागरा फिरली. वर म्हणतो, "बघलंस? तां खेळणां आसा. नजर व्हयी."

रात्री अकराला टॉर्च लावून बघितलं तेव्हा उलगडलं. झिरोच्या जागी मी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. क्लिक परत उतरवल्यावर ठिपका रेघेवर बरोब्बर आला, पण टरेट अख्खा एक फेरा वर चढलेला होता. माझ्या स्कोपला एका फेऱ्यात 60 क्लिक, म्हणजे 15 एमओए. 40 मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर. म्हणजे स्कोपने सांगितलं ते तंतोतंत केलं होतं. दादाच्या धाकट्याने दुपारी बंदूक हातात घेतली होती, हे सगळ्यांनी पाहिलंय. दादा म्हणतो तूच फिरवलास. (आदल्या दिवशी खाऱ्या हवेचा चिकटा पुसायला टरेटवरच्या टोप्या मीच काढल्या होत्या, हे खरं आहे. पण पुसताना अख्खा फेरा फिरत नाही.)

तेव्हा झिरो झाल्यावर ठिपक्यावर भागवू नका. टरेटखाली आडव्या रेघा असतात, त्यातल्या किती दिसतात ते लिहून ठेवा. मारून झालं की लगेच झिरोवर या. आणि स्कोप विश्वासाचा आहे का ते आधी बघा: 25 मीटरवर पाच छर्रे, मग 20 क्लिक वर आणि पाच, मग 20 खाली आणि पाच. मधला घोळका साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास वर हवा आणि तिसरा पहिल्यावर बसायला हवा. नाही बसला तर तो स्कोप एकदा झिरो करून तसाच सोडा, तिथे तुमचा मित्र बरोबर आहे. स्वस्त स्कोपात खटका ऐकू येतो पण आतली नळी एखादा छर्रा सुटल्यावर सरकते. म्हणून दोन-चार क्लिक पुढे जाऊन परत या.

2008 ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने 10 मीटरचं सुवर्ण घेतलं ते दुर्बिणीशिवाय, पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. त्या साइटलाही क्लिकच असतात. फायनलआधी आपली साइट हललेली होती, असं त्याने स्वतः सांगितलंय. दादाला हे ऐकवलं तर म्हणाला, तेच तर मी सांगतोय.

राहिलेलं: स्प्रिंगवाल्या बंदुकीचा झटका आधी मागे आणि मग पुढे बसतो, मोठ्या रायफलीचा स्कोप त्यात खिळखिळा होतो, एअर रायफलसाठी केलेलाच घ्या, 10 मीटरपर्यंत पॅरालॅक्स (डोळा हलला की क्रॉस निशाणावरून सरकल्यासारखा दिसतो तो) जुळवता येणारा. अंतर सारखं बदलत असेल आणि वेळ नसेल तर ठिपकेवाल्या क्रॉसवर धरून मारणं खरंच लवकर होतं, एवढं दादाला देतो. आमच्यासारखं उघड्या चिऱ्यावर मारू नका, शिसं उलटून येतं. आता आम्ही मागे वाळूची पोती लावतो. आणि माडावरच्या माकडांसाठी विचारत असाल तर बंदूक ठेवून द्या, वन्यजीव कायदा 1972 चा आहे आणि वनखातं घरी येतं.

झिरो तुमच्या नेहमीच्या अंतरावर करा, बहुतेकांना 25 चालतो. येत्या मे महिन्यात मी 10, 25 आणि 40 वर एकेक करवंटी टांगणार आहे, प्रत्येकी एकच छर्रा. दादाला अजून कळवलेलं नाही.