युरियाची बत्ती लागली, इंजेक्टर गेला. पैसे चालकाच्या पगारातून कापता येतात का?

प्रश्न: मी नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सहा वर्षांपासून ट्रक चालवतो. नागपूर-जबलपूर लाइन आहे. कंपनीचा नियम असा की युरिया (गाडीचा धूर साफ करणारं द्रावण) फक्त वाडीच्या डेपोतच भरायचा, तोही डिझेलच्या ३ टक्के हिशोबानं. बाहेर भरला तर बिल पास होत नाही. मे महिन्यात भरल्या गाडीनं कुरई घाट चढताना युरिया संपत आल्याची बत्ती लागली, गाडीची ताकदच गेली. सुपरवायझरला फोन केला, तो म्हणाला, "काहीही कर, माल सकाळी पोचला पाहिजे." ढाब्याजवळच्या दुकानातून सुट्टी बादली घेतली, खिशातले ९०० रुपये गेले. महिन्याभरानं युरियाचा इंजेक्टर खराब झाला. कंपनीनं ४२,००० माझ्या नावावर टाकले, दर महिन्याला ६,००० कापतात. नोकरीला लागताना कोऱ्या कागदावर सही घेतली होती. आता म्हणतात, गाडीला बायपास लावतो (म्हणजे युरिया न टाकताच ती चालेल), चालवायची नसेल तर घरी बस. काय करू?

उत्तर: भाऊ, दोन गोष्टी आधीच सांगतो. तुमच्या पगारातून चाललेली ही कपात माझ्या मते बेकायदा आहे. आणि बायपास लावलेली गाडी हातात घेऊ नका, नोकरीचं काहीही होवो.

सुरुवात त्या ३ टक्क्यांपासून करू, कारण तुमच्या प्रकरणाचं मूळ तिथं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक आलं. त्या मोठ्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारलं जातं आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. हे पाणी किती लागेल ते भार, चढ आणि इंजिन किती ताण घेतं यावर ठरतं. साधारण डिझेलच्या ३ ते ५ टक्के धरतात, कधी त्याहून जास्तही. आता हिशोब मांडा. जाऊन-येऊन १५० लिटर डिझेल जळलं, तर ३ टक्क्यांनी कंपनी साडेचार लिटर देते. घाटात भरल्या गाडीनं ५ टक्के खाल्लं, तर लागले साडेसात. फेरीमागं तीन लिटरची तूट, पाच फेऱ्यांत पंधरा. टाकी कधीतरी तळाला जाणारच होती. बत्ती दुर्लक्ष झालं म्हणून लागली नाही, कंपनीच्या नियमानंच ती लागली. पाळताच येणार नाही असा नियम करायचा आणि तो मोडला म्हणून चालकाचा पगार कापायचा, हे कोणत्याही अधिकाऱ्यापुढं टिकणं अवघड आहे. गेल्या सहा महिन्यांची डिझेलची बिलं आणि डेपोतल्या युरियाच्या नोंदी समोरासमोर मांडा. हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

आता कायदा. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या कलम १८ नुसार नुकसानीपोटी पगार कापता येतो, पण ती वस्तू कामगाराच्या ताब्यात सांभाळायला सोपवलेली असली पाहिजे आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणानं झालेलं असलं पाहिजे. कलम २१ सांगतं की झालेल्या नुकसानीपेक्षा एक रुपया जास्त कापता येत नाही, आणि कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही हेच होतं. तुम्हाला नोटीस आली का? कोणी विचारलं का? तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त नको अशीही मर्यादा आहे. मुनीमजी म्हणतील, "६,००० म्हणजे निम्म्याच्या आतच आहे." ती मर्यादा वैध कपातीसाठी आहे. मुळात अवैध असलेली कपात लहान असली म्हणून वैध होत नाही.

तुमची कमजोर बाजू लपवून चालणार नाही. ती सुट्टी बादली. खरं द्रावण म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार नसलेलं पाणी, आणि डब्यावर आयएसओ २२२४१ छापलेलं असतं. शेतातला खताचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून विकणारे महामार्गावर आहेत. तसल्या पाण्यातले क्षार इंजेक्टरच्या बारीक भोकात बसतात. कंपनी हेच म्हणणार. पण बादली भरल्यावर गाडी महिनाभर चालली. नुकसान त्या बादलीनंच झालं हे कंपनीनं दाखवायचं आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि हे द्रावण ३० अंशांच्या वर फार दिवस ठेवलं तर बिघडतं. तुमच्या डेपोतली पिंपं पत्र्याखाली असतात की उन्हात? निळ्या झाकणाभोवती पांढरी खपली धरलेली किंवा नाकात जाणारा अमोनियाचा वास तुम्हाला आधीही जाणवला होता का? आठवून तारखेसकट लिहून ठेवा. टाकीतल्या द्रावणाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर या मापकावर ठेवला की युरियाचं प्रमाण कळतं. कंपनीनं अशी तपासणी केली होती का, वर्कशॉपचा फॉल्ट कोडचा (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या बिघाडाचा) रिपोर्ट कुठं आहे, काढलेला जुना इंजेक्टर कुठं आहे, हे लेखी विचारा.

कोऱ्या कागदाची काळजी करू नका. संहितेचं कलम ६० म्हणतं की कामगारानं आपल्या देय रकमेवरचा हक्क सोडण्याचा करार रद्दबातल असतो. आणि बेकायदा कपातीचा दावा केला की पैसे दिल्याचं सिद्ध करायचा भार कलम ५९ नुसार मालकावर असतो.

सुपरवायझरचा तो फोन फार मोलाचा आहे. त्या रात्रीचा कॉल लॉग आणि व्हॉट्सॲपचे निरोप पुसू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाती असला की ते सोपं जातं.

बायपासचं मात्र मी खडसावूनच सांगतो. डॅशबोर्डखाली डबी बसवायची, ती इंजिनच्या कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देते, युरिया न टाकता गाडी पळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाचं मानक मोडणारी गाडी जो चालवतो आणि जो चालवायला लावतो, दोघेही येतात. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. मालकासाठी कलम १८२अ(४) वेगळं आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "पीयूसी पास होते ना" ही समजूत सोडा. डिझेल गाडीची पीयूसी काळा धूर मोजते, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही. मालक दंड भरेल आणि दुसरी गाडी काढेल. तुमचं लायसन्स तीन महिने गेलं तर घर कशावर चालणार?

म्हणून नकार तोंडी देऊ नका, लिहून द्या. "गाडी चालवायला मी तयार आहे, उत्सर्जन यंत्रणा कंपनीच्या मूळ अवस्थेत असावी," एवढं एकच वाक्य पुरे. यात काम नाकारल्याचा आरोप बसत नाही. दुसऱ्या अर्जात कपातीचा लेखी आधार, वर्कशॉपचं बिल आणि आतापर्यंत कापलेली रक्कम परत मागा. ते ९०० रुपयेही त्यातच मागा, कारण गाडी कंपनीची आणि माल पोचवायचा आदेशही कंपनीचा. दोन्ही अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन संहितेच्या कलम ४५ खालचा दावा कोणत्या प्राधिकाऱ्यापुढं करायचा ते विचारा आणि दाखल करा. मुदत तीन वर्षांची आहे, पण थांबू नका. प्राधिकारी कापलेल्या रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. कामावरून काढलंच, तर बाकी पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

आणि पुढच्या फेरीला वाडीचं गेट सोडण्याआधी युरियाच्या काट्याचा आणि किलोमीटरचा एकत्र फोटो काढा. परत आल्यावर पुन्हा काढा. रोज.