10-10 टक्क्यांच्या चाचणीत विलंब दिसत नाही

सिंचन प्रकल्पाचं लाभ-व्यय गुणोत्तर (लाभ भागिले खर्च; 1 च्या खाली गेलं तर तोटा) 1.62 आलंय, खर्च 10 टक्के वाढवून आणि लाभ 10 टक्के घटवून तपासलं तर पुरे का, असा प्रश्न आहे. पुरे नाही. त्या चाचणीत गुणोत्तर 1.33 येतं आणि सगळे निर्धास्त होतात. खरा घात वेळेचा असतो.

आपल्याकडची रूढ पद्धत वार्षिक लाभाला वार्षिक खर्चाने (भांडवलावर 10 टक्के व्याज, घसारा, देखभाल) भागते. त्यात काळ येतच नाही. पाणी शेतात पाचव्या वर्षी पोचो की पंधराव्या, आकडा तोच. म्हणून आधी वर्षवार रोख प्रवाह मांडा, दोन्ही बाजू स्थिर किमतींत (महागाई वगळून). समजा, 5 वर्षं दरवर्षी 200 कोटी खर्च, सहाव्या वर्षापासून 50 वर्षं दरवर्षी 200 कोटी निव्वळ लाभ. 10 टक्के सूट-दराने (पुढचे रुपये आजच्या मोलात आणण्याचा दर) गुणोत्तर 1.62. आता धरण वेळेत झालं, पैसा खर्च झाला, पण भूसंपादनात वितरिका (कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारे छोटे कालवे) अडकून लाभ 5 वर्षं लांबला असं धरा. गुणोत्तर 1.01! खर्चात एका रुपयाचीही वाढ न होता.

खर्चवाढ मोजताना महागाई वेगळी काढा. विदर्भातल्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचा 1983 चा 372 कोटींचा अंदाज सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) घेत घेत 18 हजार कोटींपुढे गेला. हे दोन आकडे थेट भागून कुठलीही टक्केवारी लावू नका. स्थिर किमतीत उरते ती खरी वाढ: वाढलेली कामं, पुनर्वसन, बदललेलं संकल्पन (डिझाइन). ती टक्केवारी त्याच खोऱ्यातल्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांवरून घ्या.

लाभाच्या बाजूला 75 टक्के विश्वासार्हतेचं पाणी म्हणजे चारांतल्या एका वर्षी तूट गृहीतच आहे; लाभाच्या आकड्यात ती आधीच धरली असेल तर पुन्हा वजा करू नका. पीकरचनेवर मात्र संशय घ्या. अहवालात ज्वारी-हरभरा, प्रत्यक्षात कालव्याच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाकडे कोरडी चारी. तोंडाचे आणि शेपटाचे हेक्टर वेगवेगळे धरून चालवा.

घटक एकेक हलवणं ही दुसरी चूक. भूसंपादन रखडलं की खर्च आणि विलंब जोडीनेच वाढतात, तेव्हा ते एकत्र हलवा. माँटे कार्लो (सगळे घटक हजारो वेळा यादृच्छिक बदलून गुणोत्तर काढण्याची पद्धत) चालवणार असाल तर हा सहसंबंध घाला, नाहीतर चुका एकमेकींना खाऊन आलेख उगाच अरुंद दिसतो. आणि जोखीम म्हणून सूट-दरात 2 टक्के चढवू नका. त्याने दूरचे लाभ कापले जातात, धोका नेमका कुठे आहे ते कळत नाही.

अहवालात उलट गणित लिहा: इथे लाभ 38 टक्के घटला किंवा खर्च 62 टक्के वाढला की गुणोत्तर 1 वर येतं, विलंब मात्र 5 वर्षांचाच पुरतो. त्याखाली आणखी एक ओळ चालवा: वितरिकांची जमीन ताब्यात आल्यावरच धरणाच्या भिंतीचं काम सुरू केलं तर गुणोत्तर किती?