एफडी मोडू नका, लॉजही सोडू नका

प्रश्न: आम्ही नवरा-बायको जुळे सोलापुरात राहतो. वय 32 आणि 29. मी टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात आहे, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून 82,000 हातात येतात. घरभाडे आणि गावी आईवडिलांना पाठवतो ते धरून खर्च 50,000, घरासाठी एसआयपी 12,000. एफडी 2,50,000 ची, बचत खात्यात 60,000. येत्या दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून मलेशियातल्या साबाला जायचं आहे. अंदाज 3,40,000 चा: विमान 85,000, दानुम खोऱ्यातल्या जंगल-लॉजच्या दोन रात्री 1,60,000, सेम्पोर्नाची बेटं आणि डायव्हिंग 45,000, बाकी 50,000. एफडी मोडावी की ट्रॅव्हल कंपनी देते ते तीन लाखांचं कर्ज घ्यावं? वडील म्हणतात, दोन रात्रींना दीड लाख म्हणजे वेडेपणा.

उत्तर: दोन्ही नको. पण जा. दिवाळीत नाही, पुढच्या मे महिन्यात.

आधी कर्जाचं बघू. तुम्हाला 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज देऊ केलंय. त्याचा हप्ता 10,250 च्या आसपास बसतो आणि व्याजापोटी 69,000 रुपये जातात. म्हणजे विमानाच्या तिकिटांएवढं नाही, पण त्याच्या जवळ जाणारं व्याज. सहल बारा दिवसांची, हप्ते छत्तीस. इतकंच पुरे.

एफडीचं मात्र नीट समजून घ्या, कारण मोडताना ती आपलीच असल्यामुळे फुकटची वाटते. महिन्याचा खर्च 50,000 म्हणजे अडीच लाख हे पाच महिन्यांचं धान्य. मी सहा महिन्यांचं सांगतो, तेव्हा ते आधीच थोडं कमी आहे. त्यात तुमचा पगार परदेशी ऑर्डरींवर चालतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तुमच्या ऑफिसात काय वातावरण होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या एफडीवर घरभाडं, गावाकडचं औषधपाणी सगळं टेकून आहे. तिला हात लावू नका.

आता वडिलांच्या मुद्द्याकडे. मी आदराने त्यांच्याशी असहमत आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की रविवारी पहाटे दोघंही नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जाता. अशा माणसांनी ओरांगउटान हे मोठे वानर रानात बघायला जायचं तर बोर्निओ बेट (साबा त्याच बेटावर आहे) किंवा सुमात्राच. जगात दुसरीकडे ते रानात नाहीत. दानुमचं संरक्षित रान 438 चौरस किलोमीटरचं आहे, आत वस्ती नाही. जगातलं सर्वांत उंच उष्णकटिबंधीय झाड, 100 मीटरहून जास्त, तिथेच सापडलं. आत राहायच्या जागा मोजक्या, आणि लाहाद दातू या जवळच्या शहरापासून दोन-अडीच तास कच्च्या रस्त्याने जीप. पॅकेजमध्ये ती जीप, जेवण, वाटाड्या, रात्रीची जंगलफेरी सगळं येतं का ते लेखी विचारून घ्या. येत असेल तर दर जास्त आहे, पण अवाजवी नाही.

काही वगळायचंच असेल तर सेम्पोर्ना वगळा. सुंदर जागा आहे, पण तुमच्या पत्रात समुद्राबद्दल एक ओळ नाही आणि जंगलाबद्दल अर्धं पान आहे. त्या रात्री किनाबातांगन नदीकाठच्या बातू पुतेह गावात काढा. तिथे गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून घराघरांत पाहुणे ठेवायची सोय केली आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला सहकार समजावून सांगायची गरज नाही! लांब नाकाची माकडं नदीवरून बोटीतूनच चांगली दिसतात आणि खर्च तुमच्या "बाकी 50,000" मध्ये बसतो.

खर्च आला 2,95,000 वर. पगारातून महिना 20,000 उरतात. ते "कुठे जातात कळत नाही" असं तुम्ही म्हणता, म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडीत वळते करा. दहा महिन्यांचे दोन लाख. दिवाळी बोनस 45,000. बचत खात्यातले 60,000. झाले 3,05,000. वरचे दहा हजार रिंगिट, म्हणजे मलेशियाचं चलन, महागला तर लागतील. हे पैसे शेअर फंडात घालू नका, दहा महिने त्यासाठी फार थोडे. घराची एसआयपी चालूच राहील.

मे ठरवण्याला दुसरंही कारण आहे. साबाच्या पूर्व भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोराचा पाऊस असतो, मे त्या मानाने कोरडा. शाळेची सुट्टीही तेव्हाच.

पैसे भरतानाचं थोडं. लॉजला साध्या क्रेडिट कार्डाने भरलंत तर परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 6,500 च्या वर. हा आकार न लावणारी कार्डं मिळतात, एक आधी काढून ठेवा. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जाईल. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर हातचा जातो. विमान हैदराबादहून बघा, आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. प्रवास विमा स्वस्तातला घेऊ नका. रानातून आजारी माणसाला इस्पितळापर्यंत हलवण्याचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला हवा.

आणि याच पावसाळ्यात दोन दिवस आंबोलीला जाऊन या. जळवा, ओले बूट, सतत भिजलेले कपडे सोसतात का ते तिथे कळेल, लाखभर रुपये भरण्याआधी.

लॉजची उरलेली रक्कम कधीपर्यंत भरायची आणि रद्द केल्यास किती परत मिळते, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारा. ती मुदत येईल तेव्हा कारखान्याची ऑर्डरबुक बघा. पगार लांबायला लागला असेल तर सहल आणखी एक वर्ष पुढे ढकला, आरडी तशीच चालू ठेवून.