ड्रॅगन्स बॅक धावायचंय? मग उताराचा सराव करा

नोव्हेंबरात कामासाठी हाँगकाँगला जाताय, एक दिवस मोकळा आहे, रस्त्यावर दहा किलोमीटर धावायची सवय आहे पण डोंगरवाटेवर कधी धावला नाहीत. ड्रॅगन्स बॅक ही तिथली डोंगरधारेवरची वाट झेपेल का आणि एकटं जावं का, असं तुम्ही विचारलंय. झेपेल, आणि जरूर जा. मी ती वाट धावलोय. रत्नागिरीच्या माणसाला तिथली हवा त्रास देणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात घामाने निथळत धावणाऱ्याला २० ते २४ अंशांतला तिथला नोव्हेंबर सुखाचाच वाटेल. चढही फार नाही, शेक ओ पीक हा सर्वात उंच माथा २८४ मीटरचा. पाय धरतील ते उताराने.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. सपाट डांबरी रस्त्यावर त्याला हे काम फारसं पडत नाही. म्हणून धावताना काही जाणवत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चांगली गोष्ट अशी की एकदा बेताने उतार धावून घेतला की पुढचे काही आठवडे तोच उतार स्नायूंना तेवढा बाधत नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी उतार धावलेले असावेत, ते यासाठीच. शेवटच्या आठवड्यात मात्र नको.

सरावाला आपल्या पाखाड्यांसारखी, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या चढ-उताराच्या वाटांसारखी, जागा नाही. सध्या पावसात त्या फक्त चढा, चालत. जांभ्याच्या पायऱ्यांवर, विशेषतः झाडाखालच्या, शेवाळाचा हिरवा-काळा थर असतो. त्यावर धावत उतरणं म्हणजे मनगट मोडून घेणं. पाऊस सरला की तोच जांभा वाळून खरखरीत होतो आणि बूट छान धरतो. तेव्हा उतरायला लागा. पावलं आखूड आणि भरभर, पाऊल कमरेच्या खाली पडेल असं. पाय लांब पुढे टाकून टाचेवर थांबवत आलात की सगळा दणका गुडघ्यात जातो. नजर बुटांवर नको, तीन-चार पावलं पुढे ठेवा. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, सुटे खडे असतात तिथेही थोडं धावा, घसरण्याची भीती तिथेच मोडते. भाट्याच्या पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, धावून पोटऱ्या तयार होतील, पण उताराचं काम त्याने होत नाही.

आता प्रत्यक्ष वाट. हाँगकाँग ट्रेल ही ५० किलोमीटरची वाट १९८५ साली खुली झाली; ड्रॅगन्स बॅक तिच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात येते. टो तेई वान ते बिग वेव्ह बे, साडेआठ किलोमीटर. शाऊ केई वान स्टेशनवरून ९ नंबरची बस पकडायची. सुरुवातीची चढण चालतच घ्या. धारेवर दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, खाली शेक ओ गाव, आणि वारा बरा असेल तर पॅराग्लायडर. इथे वेळेच्या मागे लागू नका: वाट अरुंद, दगड वर आलेले आणि माणसं भरपूर. म्हणूनच शक्यतो आठवड्यातला कामाचा दिवस आणि सकाळची वेळ निवडा. खरं धावणं धार संपल्यावर आहे. माउंट कॉलिन्सनच्या अंगाने झाडीतून जवळजवळ सपाट वाट जाते. तिथे पाय मोकळे सोडा. मग पॉटिंजर गॅपपासून बिग वेव्ह बेपर्यंत उतार, आणि सराव कामी येईल तो इथे.

खाली पोचलात की लगेच परतीची गाडी धरू नका. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला खडकावर प्राचीन कोरीवकाम आहे, १९७० साली सापडलेलं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं मानतात. आपल्या सड्यावरची कातळशिल्पं पाहिलेल्या माणसाने ते पाहिल्याशिवाय येऊच नये. आकृती अगदी वेगळ्या आहेत, तरी समुद्राजवळच्या दगडावर कोरत बसलेली माणसं दोन्हीकडची आपलीच वाटतात.

एकटं जाण्याबद्दल: वाट ठळक आहे, दर ५०० मीटरवर क्रमांक लिहिलेला खांब असतो. जाता जाता शेवटच्या खांबाचा क्रमांक लक्षात ठेवा. मदत लागली तर ९९९ वर फोन करून तोच सांगायचा, म्हणजे जागा नेमकी कळते. पाणी सोबतच न्या, किमान एक लिटर. धारेवर सावली नाही. कामामुळे दुपारीच निघावं लागलं तर एवढं ध्यानात ठेवा की तिथे नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारून येतं. नवे बूट तिथे जाऊन घेऊ नका. इथल्या जांभ्यावर मळलेलेच घाला.

दसऱ्यानंतर आम्ही काहीजण रविवारी सकाळी सड्यावर धावतो. उताराची पहिली फेरी सोबतीने करायची असेल तर कळवा.