‘चाल’ आणि ‘वेग’ एकच का नव्हेत?

डिचोलीच्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी चौथीपर्यंत मराठीतून शिकली व आता नववीचे विज्ञान इंग्रजीतून शिकते. घरी समजावताना ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ या दोहोंना ‘वेग’च म्हटले जाते. पुस्तकी मराठीत पहिल्याला ‘चाल’ म्हणतात, तो शब्द ओढूनताणून आणलेला नाही का?

शास्त्रीय परिभाषेत स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग, हे ठरलेले आहे. चाल फक्त किती भरभर ते सांगते. वेग त्याबरोबर कोणत्या दिशेने तेही सांगतो. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट घ्या. पात्र ६०० मीटर रुंद आहे आणि बोट पाच मिनिटांत पलीकडे जाऊन, लगेच वळून, पुढच्या पाच मिनिटांत परत त्याच धक्क्याला लागली असे धरू. तिने ६०० सेकंदांत १२०० मीटर अंतर कापले, म्हणून सरासरी चाल सेकंदाला २ मीटर. परंतु ती निघाली तिथेच पोहोचल्यामुळे विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर, शून्य; सरासरी वेग त्यावरूनच काढतात, म्हणून तोही शून्य. बोटीचे डिझेल जळले आणि वेग मात्र शून्य, यावर मुले हमखास हसतात. हसू द्यावे, कारण त्यानंतर हा फरक ती विसरत नाहीत.

‘चाल’ कृत्रिम वाटते ती तिच्या इतर अर्थांच्या गर्दीमुळे. गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर केलेली चाल, घोड्याची दुडकी चाल यांत भरभर असण्यापेक्षा ढब किंवा डाव अधिक आहे. तरीही ‘गोगलगायीच्या चालीने काम चालले आहे’ असे आपण म्हणतोच, आणि तिथे दिशेचा प्रश्नच नसतो; तेव्हा हा अर्थ परिभाषाकारांनी बाहेरून आणलेला नाही.

‘वेग’ संस्कृत ‘विज्’ धातूपासून आला. कंप पावणे, क्षुब्ध होणे हा त्याचा अर्थ, ‘उद्वेग’ही त्याचाच. दिशा त्यात मुळात नाही, ती परिभाषेने दिली. त्यामुळे रस्त्यावरची ‘वेगमर्यादा’ काटेकोरपणे पाहता चालीची मर्यादा ठरते, पण त्यासाठी पाट्या रंगवून घ्यायची गरज मला वाटत नाही. उलट, मच्छीमारांसाठीच्या सूचनेत ‘नैर्ऋत्येकडून ताशी ४५ किलोमीटर वेगाने वारे’ असे येते, तेव्हा दिशा दिलेली असल्यामुळे तो ‘वेग’ शास्त्रालाही मान्य होतो.

खरी अडचण पुढच्या शब्दात, ‘त्वरणा’त आहे. त्यात ‘त्वरा’ ऐकू येते, म्हणून ब्रेक लावताना त्वरण कसले, असे मुलांना वाटते. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. वेग कमी होणे हाही बदलच. चोर्ला घाटात गाडीचा काटा वळणभर ३० वर स्थिर राहिला, तरी दिशा पालटत असल्यामुळे वेग बदलतो आणि त्वरण असते. मुलीला हे वळण समजावताना ‘चाल तीच, वेग वेगळा’ असे म्हणून पाहावे. एकच शब्द दोन्हीकडे वापरला, तर हे वाक्य मराठीत बोलताच येणार नाही.