टीका, मल्लिनाथी आणि पाण्यात पाहणं

प्रश्न अमेरिकेतून, न्यू जर्सीच्या दक्षिण भागातून आलाय. विचारणाऱ्या बाईंचा मुलगा फिलाडेल्फिया ईगल्स या फुटबॉल संघाचा कट्टर चाहता. (तिकडचा फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायचा.) टीव्हीवर कुणी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू) जेलन हर्ट्सच्या फेकीला नावं ठेवली की हा तावातावाने म्हणतो, "सगळे हेटर्स आहेत!" बाईंनी समजावलं, "अरे, ते टीका करताहेत." त्यावर पुण्याहून आलेले आजोबा म्हणाले, "टीका हा शब्द असा वापरू नका. ज्ञानेश्वरी ही टीकाच आहे." तेव्हा बाईंना दोन गोष्टी हव्यात: टीका म्हणजे नक्की काय, आणि 'हेटर'ला मराठीत काय म्हणायचं?

आजोबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' ही ओवी त्यांना पाठ असणार. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290. इथे टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारं लेखन. गंमत अशी की वाक्याचा सांगाडा अजून तोच आहे. गीतेवर टीका, क्वार्टरबॅकवर टीका. 'वर' हे शब्दयोगी अव्यय तेच, 'करणे' हे क्रियापद तेच, करणाऱ्याला टीकाकार म्हणायचं तेही तसंच. बदलला तो आतला भाव. अर्थ सांगता सांगता गुणदोष सांगणं आलं आणि गुण मागे पडून दोष तेवढे उरले. मग वर्तमानपत्रांनी 'टीकेची झोड' उठवली आणि 'टीकास्त्र' सोडलं. झोड म्हणजे मार. कोकणात भात झोडतात, पाऊस झोडपतो, तसा स्तंभलेखक खेळाडूला झोडपतो. आजोबांनी हा अर्थ नाकारायचं कारण नाही, तो आता रुळलाय. (हिंदीतला कपाळावरचा किंवा दंडावर टोचायचा 'टीका' यात आणू नये. आपल्याकडे त्याला टिळा आणि लस असे वेगळे शब्द आहेत.)

याच घसरणीचं आणखी झणझणीत उदाहरण म्हणजे 'मल्लिनाथी'. मल्लिनाथ हा कालिदासाच्या काव्यांचा नामांकित टीकाकार. आपल्या टीकेच्या आरंभीच त्याने बजावून ठेवलंय: 'नामूलं लिख्यते किंचिन्नानपेक्षितमुच्यते.' मुळात नाही असं काही लिहिणार नाही आणि नको ते बोलणार नाही. आणि मराठीत 'मल्लिनाथी करणे' म्हणजे काय? दुसऱ्याच्या बोलण्याला स्वतःचं खवचट शेपूट जोडणे! बिचाऱ्याने जे करणार नाही म्हणून सांगितलं, नेमकं तेच आपण त्याच्या नावावर खपवलं.

पण त्याची ती अट तुमच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. टीकेला मूळ लागतं. ग्रंथावर टीका असेल तर ग्रंथ, खेळाडूवर असेल तर सामना. 'हर्ट्स मैदानाच्या मध्यभागी पास टाकायला कचरतो' असं कुणी म्हणालं, तर सामना परत लावून बघता येतं. ते चूक असेल, पण ती टीकाच. 'त्याच्यात दमच नाही' याला मूळ नाही. ती शेरेबाजी. शेरा हा मूळचा कचेरीतला, अर्जाच्या कडेला साहेबाने खरडलेली ओळ. तिच्याखाली कारण द्यावंच असं नाही.

आता तुमच्या मुलाच्या संघाचीच एक जुनी गोष्ट. एप्रिल 1999. न्यू यॉर्कला नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम होता. आदल्या मोसमात 16 पैकी 13 सामने हरलेल्या ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर डोनोव्हन मॅक्नॅब या क्वार्टरबॅकला घेतलं. फिलाडेल्फियाहून गेलेल्या चाहत्यांना चेंडू घेऊन पळणारा रिकी विल्यम्स हवा होता. त्यांनी मॅक्नॅबची भर सभागृहात हुर्यो उडवली. ('बू' करण्याला मराठीत हा शब्द तयार आहे, तो वापरात ठेवा.) पुढे सप्टेंबर 2003. ईगल्सने मोसमातले पहिले दोन्ही सामने गमावले होते. 28 तारखेला ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या कार्यक्रमात रेडिओवरचे राजकीय वक्ते रश लिंबॉ म्हणाले की मॅक्नॅब मुळात तेवढा चांगला नाहीच, संघाला तारतो तो बचाव आणि श्रेय मिळतं याला. इथवर ठीक. पण जोडीला असंही म्हणाले की कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची इच्छा आहे, म्हणून ती त्याला डोक्यावर घेतात. गदारोळ उठला आणि 1 ऑक्टोबरला लिंबॉंनी तो कार्यक्रम सोडला. ज्या गावाने मॅक्नॅबची हुर्यो उडवली होती, तेच गाव आता त्याच्या बाजूने उभं. आपला तो बाब्या! आपल्या बाब्याला आपण धपाटे घालू, शेजाऱ्याने बोट लावायचं नाही. ईगल्सने त्या मोसमात 16 पैकी 12 सामने जिंकले.

लिंबॉंचं बोलणं शब्दांच्या चाळणीतून काढलं तर दोन वेगळ्या वस्तू हाती येतात. 'श्रेय बचावाचं' ही टीका, पटो न पटो. आकडे मांडून तिच्याशी भांडता येतं. 'माध्यमांना तसं व्हायला हवंय' हा मात्र हेत्वारोप. हेतू आणि आरोप मिळून झालेला हा शब्द मराठीत संपादकीयांपुरता उरलाय, पण असा नेमका शब्द इंग्रजीतही पटकन सापडत नाही. हेत्वारोपाचं वैशिष्ट्य हे की त्याला मैदानातलं काहीच लागत नाही. समोरच्याच्या मनात काय आहे हे आपल्याला कळलंय, एवढं गृहीत धरलं की झालं.

आता तुमच्या मुलाचं 'हेटर्स' घ्या. तोही हेत्वारोपच! समीक्षक मधल्या पासबद्दल बोलतोय आणि हा म्हणतो, तुझ्या मनात द्वेष आहे. 2025च्या फेब्रुवारीत हर्ट्स सुपर बोलचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी या वादाला खळ नाही. क्वार्टरबॅकच्या जागेचाच हा दोष. अकरा जण खेळतात, पण हारजितीचा हिशेब त्याच्या नावावर मांडतात, त्यामुळे हारही त्याच्या गळ्यात आणि खापरही त्याच्याच डोक्यावर.

तरीही 'हेटर'ला मराठी शब्द हवाच, कारण कधी कधी मुलाचं खरं असेलही. 'द्वेष्टा' मला जड वाटतो, तो पुराणातल्या राक्षसाला शोभतो. 'आकस' चांगला आहे: 'तो आकसाने बोलतोय.' आकसाला मागचा काहीतरी हिशेब लागतो. रोजच्या बोलण्यात 'त्याच्यावर खार खाऊन आहेत' म्हणावं. पण चाहत्याची तक्रार जशीच्या तशी उतरते ती 'पाण्यात पाहतात' या शब्दांत. "हे टीव्हीवाले हर्ट्सला पाण्यात पाहतात." इंग्रजीतला 'हेटर' हा माणसाला चिकटवलेला बिल्ला आहे. मराठीत ते काम क्रियापद करतं, म्हणून त्याला एकेरी नाम शोधत बसू नये. 'देव पाण्यात ठेवणे' मात्र वेगळं, तेही चाहतेच करतात, चौथ्या सत्रात तीन गुणांनी मागे असताना.

उलटून कसं बोलावं याचा नमुना लमार जॅक्सन या क्वार्टरबॅकने घालून दिलाय. 2018मध्ये त्याची निवड व्हायच्या आधी संघांचे माजी व्यवस्थापक बिल पोलियन यांच्यासारखे जाणते लोक म्हणत होते की याने क्वार्टरबॅकचा नाद सोडून रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, व्हावं. इतरही म्हणत, हा पळणारा गडी आहे, फेकणारा नव्हे. 2019च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या बाल्टिमोरने मायामीला 59-10 असं धुतलं. त्यात त्याचे पाच टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) होते. पत्रकारांसमोर तो एवढंच म्हणाला, "रनिंग बॅकच्या मानाने वाईट नाही." (रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी.) त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला 50 पैकी 50 मतं पडली आणि पोलियन यांनी आपली चूक कबूल केली.

हे वाक्य मराठीत आणताना 'रनिंग बॅकसाठी वाईट नाही' करू नका, सगळा उपरोध सांडतो. 'च्या मानाने' हवंच. 'वयाच्या मानाने बरे दिसता' मधलं ते 'मानाने'. आजोबांना विचारा, ते लगेच ओळखतील.